पूर्वज्ञान आणि पूर्वग्रह : रक्ताच्या चाचणीचा निकाल कसा वाचावा

रायपूर शहराच्या शंकर नगर भागात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी मध्यंतरी एक लहानसा इंग्रजी कागद माझ्यापुढे ठेवला आणि त्याचे मराठी करून द्यावे अशी विनंती केली. त्यांच्या मुलीच्या रक्ताची सिकलसेलसाठी चाचणी झाली होती आणि निकालाच्या रकान्यात 'पॉझिटिव्ह' एवढा एकच शब्द होता. मुलीचे लग्न ठरण्याच्या बेतात होते. "याचा अर्थ मुलीला रोग आहे असाच ना?" असे त्यांनी विचारले, आणि विचारताना त्यांची नजर कागदावर नव्हती, दाराकडे होती. विज्ञानविषयक पुस्तिकांचे मराठीकरण हे माझे नेहमीचे काम आहे. तथापि त्या एका शब्दाचे भाषांतर मला तत्काळ करता आले नाही. 'होकारार्थी' असे लिहिले असते तर शब्दाला शब्द मिळाला असता, परंतु अर्थ मिळाला नसता. त्या शब्दाचा अर्थ लागण्यासाठी कागदावर नसलेल्या तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : चाचणी कोणती होती, ती किती वेळा चुकते, आणि चाचणी होण्यापूर्वी त्या मुलीविषयी काय माहीत होते. यांपैकी तिसऱ्या गोष्टीला संख्याशास्त्रज्ञ 'पूर्वसंभाव्यता' म्हणतात. आरोग्याच्या व पर्यावरणाच्या प्रश्नांत ही पूर्वसंभाव्यता लपवून न ठेवता उघडपणे मांडली पाहिजे, असे माझे मत आहे आणि त्या मताचे समर्थन करण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम रोगाविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. रक्तातील तांबड्या पेशींत हीमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते व ते प्राणवायू वाहून नेते. या द्रव्याच्या घडणीत एक विशिष्ट आनुवंशिक बदल झाला म्हणजे प्राणवायू कमी पडताच पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि रोग्याला असह्य वेदना, पांडुरोग व वारंवार होणारे संसर्ग यांना तोंड द्यावे लागते. परंतु हा रोग होण्यासाठी बदललेले जनुक आई व वडील या दोघांकडूनही यावे लागते. ते एकाकडूनच आले तर ती व्यक्ती केवळ 'वाहक' ठरते. ती सर्वसाधारणपणे निरोगी आयुष्य जगते आणि पुष्कळदा आपण वाहक आहोत हे तिला ठाऊकही नसते. वाहक आणि रोगी यांतील हा भेद ज्याला समजला नाही, त्याला चाचणीचा कागद समजणे शक्य नाही.

भारतात या विकाराची पहिली नोंद १९५२ साली निलगिरी भागात झाली. नागपूरच्या शुक्ल आणि सोळंकी या डॉक्टरांनी १९५८ साली मध्य भारतातील वाहकांविषयी लिहिले. त्यानंतर विदर्भ, छत्तीसगड, मध्य प्रदेश, ओडिशा, गुजरात या सलग पट्ट्यात तो ठळकपणे आढळत आला आहे. रायपूर जिल्ह्यात साडेतीन लाखांहून अधिक मुलांची तपासणी करण्यात आली, तिचा अहवाल २०११ साली प्रसिद्ध झाला. वाहकांचे प्रमाण शेकडा नऊ ते दहाच्या आसपास असल्याचे त्यात दिसून आले. १ जुलै २०२३ रोजी शहडोल येथे राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करणे आणि २०४७ पर्यंत या रोगाचे निर्मूलन करणे हे त्याचे उद्दिष्ट आहे. म्हणजेच शंकर नगरातील त्या गृहस्थांच्या हाती जसा कागद आला, तसे कोट्यवधी कागद लोकांच्या हाती जाणार आहेत. ते कसे वाचावेत हा प्रश्न आता केवळ पंडितांचा राहिलेला नाही.

प्राथमिक तपासणीत बहुधा विद्राव्यता चाचणी वापरतात. रक्ताचा थेंब एका रासायनिक द्रावणात टाकतात. बदललेले हीमोग्लोबिन असल्यास द्रावण गढूळ होते आणि नळीमागे धरलेल्या रेषा दिसेनाशा होतात. चाचणी स्वस्त आहे आणि खेड्यातील शाळेच्या ओसरीवरही करता येते. परंतु तिला दोन मर्यादा आहेत. पहिली अशी की वाहक आणि रोगी या दोघांचेही द्रावण गढूळच होते; त्यांतील फरक ती सांगू शकत नाही. तो सांगण्यासाठी हीमोग्लोबिनचे प्रकार वेगवेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा तत्सम दुसरी चाचणी करावी लागते. दुसरी मर्यादा अशी की ती कधीकधी चुकते. रक्त फार कमी असेल अथवा बालक काही महिन्यांचेच असेल तर दोष असूनही तो दिसत नाही. उलट रक्तातील चरबी किंवा काही प्रथिने वाढलेली असली तर दोष नसताही द्रावण गढूळ दिसू शकते.

आता एक हिशेब करू. आकडे केवळ समजुतीसाठी घेतलेले आहेत. समजा, शंभर वाहकांपैकी पंचाण्णव जणांना ही चाचणी ओळखते आणि वाहक नसलेल्या शंभरांपैकी दोघांना ती चुकून वाहक ठरवते. एका प्रदेशात दहा हजार मुले तपासली आणि त्यांत एक हजार खरोखर वाहक आहेत. तर ९५० वाहक ओळखले जातील आणि उरलेल्या ९,००० मुलांपैकी १८० जणांचे द्रावण विनाकारण गढूळ दिसेल. एकूण १,१३० कागदांवर 'पॉझिटिव्ह' लिहिले जाईल आणि त्यांतले ९५०, म्हणजे शेकडा ८४, खरे असतील. आता दुसरा प्रदेश घेऊ. तेथेही दहा हजार मुले आहेत, चाचणीही तीच आहे, परंतु वाहक फक्त शंभर आहेत. तेथे ९५ खरे व १९८ खोटे असे २९३ कागद निघतील, आणि त्यांतील शेकडा ३२ एवढेच खरे असतील. चाचणी तीच, शाई तीच, शब्दही तोच. परंतु एका ठिकाणी तो बहुधा खरा आहे आणि दुसऱ्या ठिकाणी बहुधा खोटा आहे.

विचाराची ही रीत थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या नावाने ओळखली जाते. बेझ १७६१ साली वारला आणि त्याचा निबंध त्याच्या मित्राने, रिचर्ड प्राइसने, १७६३ साली प्रकाशात आणला. फ्रान्समध्ये लाप्लासने याच कल्पनेला गणिताचे भरीव रूप दिले. तिचे सार असे आहे : नवा पुरावा हाती येण्यापूर्वी आपल्याला जे ठाऊक आहे ते संख्येत मांडावे, नव्या पुराव्याने ते सुधारून घ्यावे, आणि सुधारलेली संख्या पुढच्या पुराव्यासाठी पुन्हा आरंभस्थान मानावी. पहिल्या संख्येला पूर्वसंभाव्यता आणि सुधारलेल्या संख्येला उत्तरसंभाव्यता म्हणतात. आपले जुने वैद्य नाडी पाहण्याआधी रोग्याचे गाव, आहार आणि घराण्यातील दुखणी विचारीत असत, त्यामागेही हीच दृष्टी होती. फक्त तिला हिशेबाची जोड नव्हती.

या हिशेबाची खरी कसोटी घरात लागते. आई व वडील दोघेही वाहक आहेत आणि त्यांच्या एका मुलाला रोग आहे असे समजा. त्या मुलाची निरोगी बहीण वाहक असण्याचा संभव किती? अशा दांपत्याच्या प्रत्येक अपत्याच्या बाबतीत चार शक्यता सारख्याच असतात : एकीत रोग, दोहोंत वाहकपण आणि एकीत काहीच नाही. बहिणीला रोग नाही हे आपण पाहिलेच आहे, म्हणून पहिली शक्यता गळते. उरलेल्या तिहींपैकी दोहोंत ती वाहक ठरते. तिची पूर्वसंभाव्यता दोन तृतीयांश आहे. आता तिची विद्राव्यता चाचणी केली आणि द्रावण स्वच्छ राहिले. घरात आनंद झाला. परंतु हिशेब काय सांगतो ते पाहावे. अशा ९०० बहिणी घेतल्या तर ६०० वाहक असतील व त्यांतल्या ३० चाचणीतून निसटतील. ज्या ३०० वाहक नाहीत त्यांतल्या २९४ जणींचे द्रावण स्वच्छ राहील. म्हणजे स्वच्छ निकालाच्या ३२४ कागदांपैकी ३० चुकीचे, सुमारे अकरांत एक. पहिल्या प्रदेशातील सर्वसाधारण मुलांच्या बाबतीत मात्र ८,८७० स्वच्छ कागदांपैकी ५० चुकीचे, म्हणजे एकशे सत्याहत्तरांत एक. पहिल्या मुलीने स्वच्छ निकालावर समाधान मानणे धोक्याचे आहे. दुसरीने मानले तर फारसे बिघडत नाही. एकाच निकालावर दोघींना दिलेला एकच सल्ला हा निःपक्षपाती नव्हे. तो अपुरा आहे.

येथे एक जुना आक्षेप उभा राहतो आणि तो हलका नाही. पुराव्याआधीच काही गृहीत धरणे हा पूर्वग्रह नव्हे काय? विज्ञानाने तर मन कोरे ठेवून निसर्गाला प्रश्न विचारावेत अशी आपली अपेक्षा असते. विसाव्या शतकातील थोर संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी याच कारणास्तव ही रीत त्याज्य ठरवली होती. तिची बाजू केंब्रिजच्या हॅरल्ड जेफ्रीज यांनी घेतली. जेफ्रीज हे भूभौतिकीचे पंडित होते. पृथ्वीच्या पोटात काय आहे हे त्यांना दूरवरच्या भूकंपांच्या मोजक्या आणि सदोष नोंदींवरून ठरवावे लागे. ज्याला प्रयोग हवा तेव्हा पुन्हा करता येत नाही, त्याला आधीच्या ज्ञानाचा उपयोग टाळून चालत नाही. त्यांचा संभाव्यतेवरील ग्रंथ १९३९ साली निघाला. मराठी वाचकाला अभिमान वाटावा अशी गोष्ट ही की, कोल्हापुरात १९१९ साली जन्मलेले वसंत शंकर हुजूरबाजार यांनी याच जेफ्रीज यांच्या मार्गदर्शनाखाली केंब्रिजला संशोधन करून डॉक्टरेट मिळवली. पुढे पुणे विद्यापीठाच्या संख्याशास्त्र विभागाची उभारणी त्यांच्या हातून झाली, आणि १९७४ साली त्यांना पद्मभूषण हा सन्मान मिळाला. महाराष्ट्रात संख्याशास्त्र शिकलेल्या कित्येक पिढ्या त्या विभागातून बाहेर पडल्या. ज्या वादाचा एक धागा पुण्यापर्यंत आला आहे, तो वाद मराठी शाळांपर्यंत पोहोचू नये याचे वाईट वाटते.

आक्षेपाला माझे उत्तर असे आहे. पूर्वग्रह आणि पूर्वज्ञान यांत फरक आहे, आणि तो फरक आपण ते उघड मांडतो की मनात ठेवतो, आणि पुराव्यापुढे ते वाकू देतो की नाही, यावर अवलंबून आहे. 'पॉझिटिव्ह' हा शब्द वाचून मुलगी रोगी आहे असे ठरवणाऱ्यानेही काही गृहीत धरलेलेच असते. चाचणी कधी चुकत नाही आणि वाहक व रोगी एकच, ही ती दोन गृहीते होत. त्याने ती बोलून दाखवली नाहीत एवढेच. मन कोरे ठेवल्याचा दावा करणारा मनुष्य पुष्कळदा आपल्या गृहीतांकडे पाहत नसतो. बेझच्या रीतीने चालणाऱ्याला मात्र आपली पहिली संख्या कागदावर लिहावी लागते. ती कोणालाही तपासता येते, खोडता येते, आणि पुरावा पुरेसा साठला म्हणजे तिचे वजन आपोआप कमी होते.

ही रीत काही केवळ सिकलसेलपुरती नाही. सन २०२० मध्ये करोनावरील एका लसीची सुमारे त्रेचाळीस हजार लोकांवर परीक्षा झाली. लस न मिळालेल्या गटात १६२ आणि लस मिळालेल्या गटात ८ रोगी निघाले, आणि लस शेकडा ९५ परिणामकारक असल्याचा निष्कर्ष बेझच्याच पद्धतीने मांडण्यात आला. अशा गणितासाठी पूर्वी हाताने होणार नाहीत इतके हिशेब लागत. १९९० नंतर संगणकाने ती अडचण बरीच दूर केली आहे, आणि विद्यापीठांतील संख्याशास्त्रज्ञ ती रीत घेऊन रुग्णालयांत, विहिरींवर आणि कारखान्यांच्या धुरापर्यंत जाऊ लागले आहेत.

पर्यावरणाचे उदाहरण घेऊ. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात जमिनीतून घरात शिरणाऱ्या रेडॉन या किरणोत्सर्गी वायूचा अंदाज बांधायचा होता. काही तालुक्यांत पुष्कळ घरे मोजलेली होती, काहींत अगदी दोन-चार. दोन घरांत योगायोगाने मोठा आकडा आला म्हणून सारा तालुका धोक्याचा ठरवावा काय? फिलिप प्राइस, अँथनी नीरो आणि अँड्र्यू गेलमन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात थोडी मोजमापे असलेल्या तालुक्याचा अंदाज सर्वसाधारण प्रमाणाकडे ओढून घेतला आणि भरपूर मोजमापे असलेल्या तालुक्याचा त्याच्या स्वतःच्याच आकड्यांवर सोडला. ज्याच्याजवळ पुरावा थोडा, त्याने शेजाऱ्याचा आधार घ्यावा. ज्याच्याजवळ पुष्कळ, त्याने स्वतःच्या पायावर उभे राहावे.

ही युक्ती छत्तीसगडला परकी नाही, कारण येथेही प्रश्न तोच आहे. अंबागड चौकीजवळच्या कौडीकसा परिसरातील भूजलात आर्सेनिक हे विष असल्याचे १९९९ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा तो राजनांदगाव जिल्हा मध्य प्रदेशात होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पिण्याच्या एक लिटर पाण्यात १० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक आर्सेनिक असू नये. आता एखाद्या वाडीत तीनच कूपनलिका तपासल्या आणि तिन्ही शुद्ध निघाल्या, तर वाडी सुरक्षित म्हणावी काय? तीन शून्ये हा फार थोडा पुरावा आहे. आजूबाजूच्या गावांत दोष आहे, खडक तोच आहे, हे पूर्वज्ञान हिशेबात घेतले तर उत्तर 'सुरक्षित' असे न येता 'आणखी तपासा' असे येते. उलट बाजूही ध्यानात ठेवली पाहिजे. बांगलादेशातील अराइहजार भागात सुमारे सहा हजार कूपनलिका तपासण्यात आल्या तेव्हा दूषित नळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर पुष्कळ ठिकाणी सुरक्षित नळी सापडली. शेजाऱ्याच्या विहिरीवरून आपल्या विहिरीची शंका घ्यावी, परंतु तिचा निवाडा करू नये. शंका पुढची तपासणी कोठे करावी हे सांगते. निवाडा तपासणीनेच व्हावा.

हेच तत्त्व मनुष्याच्या बाबतीत अधिक कठोरपणे पाळले पाहिजे. सिकलसेलचे प्रमाण काही समाजांत अधिक आणि काहींत कमी आढळते, हे खरे आहे. हे ज्ञान तपासणीची गाडी प्रथम कोणत्या गावी न्यावी आणि दुसरी चाचणी कोणाची करावी हे ठरवण्यासाठी आहे. ते ज्ञान हाती धरून एखाद्या जातीच्या वा जमातीच्या मुलीकडे बोट दाखवणे हा पूर्वज्ञानाचा पूर्वग्रह करणे होय. ज्या समाजांनी आधीच पुष्कळ अवहेलना सोसली आहे, त्यांच्या माथी विज्ञानाच्या नावाने आणखी एक डाग लागला, तर लोक तपासणीला येणार नाहीत, आणि ज्या मुलांना उपचार मिळायला हवेत ती मुले वेदनेत राहतील. गटाचे प्रमाण हे आरंभस्थान आहे. व्यक्तीची स्वतःची खात्रीची चाचणी झाली की त्या प्रमाणाला त्या व्यक्तीविषयी बोलण्याचा अधिकार उरत नाही.

यास्तव मी तीन गोष्टी सुचवितो. पहिली : लोकांच्या हाती जाणाऱ्या निकालपत्रावर लोकांच्या भाषेत चार ओळी असाव्यात. चाचणी प्राथमिक आहे की खात्रीची, ती कोणता भेद सांगू शकत नाही, अशा शंभर निकालांपैकी साधारण किती खरे ठरतात, आणि आता पुढे काय करावे. दुसरी : अभियानात जनुकीय स्थितीची कार्डे दिली जातात आणि विवाहापूर्वी ती जुळवून पाहावीत असे सांगितले जाते. आपल्या समाजाला पत्रिका जुळवण्याची सवय आहे; पत्रिकेचा दोष एकाच्या, बहुधा मुलीच्या, माथी येतो, हीही सवय आहे. हे कार्ड तसे वाचले जाऊ नये. धोका दोघेही वाहक असतील तेव्हाच्या अपत्याला आहे, म्हणून चाचणी दोघांचीही व्हावी आणि खात्रीची चाचणी झाल्यावाचून कार्डाचा उपयोग करू नये. तिसरी : बारावीच्या गणितात बेझचा सिद्धांत आहेच, परंतु विद्यार्थी तो बहुतांशी पिशवीतील लाल-काळ्या चेंडूंवर सोडवतात आणि परीक्षेनंतर विसरतात. तो आठवी-नववीतच, अपूर्णांकांच्या जंजाळाशिवाय, 'दहा हजार मुलांपैकी किती' अशा पूर्णांकांच्या भाषेत शिकवावा. वर केलेला हिशेब गुणाकार व बेरीज येणाऱ्या कोणत्याही मुलाला करता येईल. शिक्षकांनी तो फळ्यावर करून पाहावा.

शंकर नगरातील त्या गृहस्थांना मी 'पॉझिटिव्ह' या शब्दाचे मराठी दिले नाही. मी एवढेच लिहून दिले : "ही प्राथमिक चाचणी आहे. हिच्यावरून रोग आहे असे ठरत नाही. मुलगी वाहक असण्याचा संभव मोठा आहे, परंतु निश्चिती नाही. खात्रीची चाचणी करून घ्यावी, आणि होणाऱ्या जावयाचीही करून घ्यावी." त्यांनी कागद दोनदा वाचला. शेवटच्या वाक्यावर ते थांबले, कारण तो विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. पुढे खात्रीची चाचणी झाली आणि मुलगी वाहक आहे, रोगी नाही, असे निष्पन्न झाले. मुलाकडच्या मंडळींनीही मुलाचे रक्त तपासून घेण्याचे मान्य केले. मुलीत दोष आहे काय हा प्रश्न मागे पडला आणि दोघांच्या अपत्याचे काय हा खरा प्रश्न दोन्ही घरांनी एकत्र बसून विचारला.